खाटेजवळची तालीम

एम.एस. जनरल सर्जरीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला एक रुग्ण दिला जातो. त्याची हकीकत विचारायची, त्याला तपासायचे, निदान मांडायचे आणि मग परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचे. ही ‘लाँग केस’. पुढे छोट्या केसेस, आणि शेवटी टेबलावर मांडलेली इन्स्ट्रुमेंट्स, एक्स-रे आणि बरणीतले नमुने यांवरची तोंडी परीक्षा. तीन वर्षे रात्रंदिवस वॉर्डात आणि ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेला निवासी डॉक्टर इथे कधी कधी अडखळतो. जांघेत फुगवटा असलेल्या रुग्णाला उभे करून तपासायचे राहून जाते. गळ्याला गाठ असलेल्या रुग्णाला घोटभर पाणी गिळायला सांगायचे राहते. पुस्तकात हे सारे त्याने अनेकदा वाचलेले असते. पण कोणी समोर उभे राहून त्याच्याकडून ते करून घेतलेले नसते.

शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी मदत करायची तर सुरुवात इथून करायला हवी. आज ही तयारी बहुतेक एकट्याने होते. दिवसभर ओपीडी, ड्रेसिंग, रिपोर्टांसाठी धावपळ, रात्री इमर्जन्सी आणि त्यातच प्रबंधाचे काम. निवासी डॉक्टरांनी सलग 12 तासांहून अधिक आणि साधारणपणे आठवड्याला 48 तासांहून जास्त काम करू नये, असे केंद्र सरकारच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेत म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांत तासांचा आकडा नाही. कामाचे तास ‘वाजवी’ असावेत आणि विश्रांतीला वेळ मिळावा, एवढेच आहे. या ‘वाजवी’चा अर्थ प्रत्येक युनिट आपापल्या सोयीने लावते. मग तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती उरतात मध्यरात्रीनंतरचे तास, मोबाइलवरची व्याख्याने आणि आधीच्या बॅचच्या नोट्स. लेखी परीक्षेच्या चार पेपरांना त्यांचा उपयोग होतो. पण प्रात्यक्षिकात वेगळे उत्तीर्ण व्हावे लागते.

केवळ पुन्हा पुन्हा वाचण्याची मर्यादा मानसशास्त्रानेही दाखवली आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी तो वाचून, मिटून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आणि आपल्याला चांगले लक्षात राहील, असा विश्वास पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त वाटत होता. रात्री दोन वाजता नोट्स चाळणाऱ्या दमलेल्या डॉक्टरला नेमका हाच विश्वास वाटतो. त्यात झोप अपुरी असली की वाचलेले स्मरणात पक्के बसणेही अवघड होते.

उपाय जुना आहे. आठवड्यातून दोनदा, राऊंड संपल्यावर एक तास ठरवून ठेवावा. विद्यार्थ्याने न पाहिलेला रुग्ण घड्याळ लावून घ्यावा आणि युनिटमधल्या शिक्षकांपुढे उभे राहून केस मांडावी. मध्येच त्याला तोडू नये. चुका शेवटी सांगाव्यात, आणि एखादी तपासणी चुकली असेल तर ती तिथेच पुन्हा करून घ्यावी. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी शेजारी उभे असावेत, म्हणजे त्यांची तयारी परीक्षेच्या दोन वर्षे आधीच सुरू होते. त्या तासात वॉर्डाचे फोन दुसऱ्या कोणीतरी घ्यावेत. रुग्णाची संमती आधी घ्यावी, पडदा ओढावा, आणि दुखऱ्या पोटावर पाच जणांनी पाच वेळा हात दाबू नये. जो विद्यार्थी आधीच्या प्रयत्नात अनुत्तीर्ण झाला आहे, त्याला या तालमीची पहिली संधी मिळावी. सर्वांसमोर टोमणे मिळत राहिले की तो प्रश्न विचारणेच सोडून देतो.

सरकारी रुग्णालयात यासाठी वेळ कुठून आणायचा, असे विचारले जाईल. रुग्णांची रीघ असते आणि शिक्षकांची पदे रिकामी असतात, हे खरेच आहे. पण शिकवायला लागणारे रुग्णही इथेच आहेत. हर्निया, स्तनातली गाठ, विडीच्या व्यसनाने काळे पडलेले पायाचे बोट, पोटाला तडस लागलेला रुग्ण यांसाठी कुठे जावे लागत नाही. कमी पडतो तो ठरवून दिलेला तास. तो वेळापत्रकात लिहिणे विभागप्रमुखांच्या हाती आहे, आणि तो पाळला जातो का हे पाहणे अधिष्ठात्यांच्या.

या तासाची किंमत गुणपत्रिकेबाहेरही आहे. रात्री अपघात विभागात उलट्या होत असलेली, पोट फुगलेली एखादी वृद्ध बाई येते. तिच्या जांघेच्या खालच्या बाजूला, साडीच्या निऱ्यांआड, सुपारीएवढी गाठ असू शकते. तो अडकलेला फिमोरल हर्निया असतो. ती स्वतः गाठीबद्दल बोलेलच असे नाही. डॉक्टरने जांघ उघडून पाहिली नाही, तर उलट्यांचे औषध आणि सलाइन देण्यात तास जातात आणि अडकलेले आतडे मरू लागते. ‘पोट तपासताना जांघ पाहिलीस का?’ हा परीक्षकांचा ठरलेला प्रश्न आहे. खाटेजवळ तो वीस वेळा ऐकलेल्या डॉक्टरला त्या रात्री कोणी आठवण करून द्यावी लागत नाही.