चूक हाताची की यंत्राची?

आमच्या भागात मळणीयंत्राला ‘हडंबा’ म्हणतात. फाल्गुनात ज्वारीची सुगी आली की ट्रॅक्टरला जोडलेला हडंबा या खळ्यावरून त्या खळ्यावर रात्रंदिवस फिरत असतो. मालक पोत्यामागे पैसे घेतो, म्हणून त्याला घाई; अवकाळीचे भय, म्हणून शेतकऱ्याला घाई; आणि या दोघांच्या घाईत सापडलेला असतो तो कणसे लोटणारा मजूर. मी अकरावीत असताना अशाच एका रात्री माझ्या दाजींचा उजवा हात मनगटापासून गेला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्या रात्री जे बोलणे झाले ते मला अजून आठवते. कुणी म्हणाले, “डुलकी लागली असेल.” कुणी म्हणाले, “बाही ढिली होती.” एका म्हाताऱ्याने नशिबाला बोल लावला. खुद्द दाजी शुद्धीवर आल्यावर म्हणाले, “माझंच ध्यान नव्हतं.” यंत्राचे तोंड तसे उघडे का होते, हे एकानेही विचारले नाही. मीही विचारले नाही. मालकाने औषधाचा निम्मा खर्च दिला आणि गावाने त्याला भला माणूस म्हटले. ज्या कारखान्यात ते यंत्र घडले त्याचे नाव त्या रात्री कुणाच्या तोंडी आले नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कायदा म्हणजे पोलीस आणि तलाठी एवढीच माझी समजूत होती. यंदा ट्यूटोरियलसाठी ग्रंथालयात बसलो असताना अमेरिकेतील एका खटल्याची हकीकत वाचनात आली. ग्रीनमन नावाच्या गृहस्थाला त्याच्या पत्नीने १९५५ च्या नाताळात सुतारकामाचे एक यंत्र भेट दिले. दोन वर्षांनी त्यावर काम करताना लाकडाचा तुकडा उडाला आणि कपाळात बसला. यंत्राचे भाग धरून ठेवणारे स्क्रूच अपुरे होते, हे पुढे कोर्टात दिसून आले. १९६३ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ट्रेनॉर यांनी निकाल दिला : सदोष वस्तू बाजारात आणली आणि तिने माणसाला इजा केली, तर बनवणारा जबाबदार, त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे जखमी माणसावर नाही. आणि गंमत अशी की ग्रीनमनने ते यंत्र स्वतः विकतही घेतले नव्हते!

हे वाचून मला दाजींची आठवण झाली नसती तरच नवल.

आपल्याकडेही कायदा नाही असे नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्यात उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. बनावटीत दोष असो, मूळ आराखड्यात असो, की वापराच्या सूचना आणि धोक्याचे इशारे अपुरे असोत, उत्पादक भरपाईस बांधील आहे. पण ‘ग्राहक’ कोण? विकत घेणारा, किंवा त्याच्या संमतीने वापरणारा. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तू वगळल्या आहेत. स्वतः राबून पोट भरणाऱ्याला तेवढी सवलत. मग दुसऱ्याच्या यंत्रावर रोजाने उभा राहिलेला माणूस यात कुठे बसतो? वकिलांना यावर वाद घालता येईल, दाजींना येणार नाही. शिवाय आणखी एक पळवाट आहे. कामाच्या जागेसाठी मालकाने यंत्र घेतले आणि कारखान्याने त्या मालकाला इशारे दिले असले, तर इशारा दिला नाही म्हणून कारखान्याला धरता येत नाही. इशारा मालकाला आणि हात मजुराचा!

अशा मजुरांसाठीच संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला. त्यात पहिले नाव मळणीयंत्राचेच आहे. उत्पादकाला परवाना, जखमी मजुराला भरपाई, हे सारे त्यात लिहिलेले आहे. चाळीस वर्षे उलटली. आमच्या गावात मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या एकालाही तो ऐकून माहीत नव्हता, आणि मला वाटते आपल्या स्टाफरूममध्येही फारसा नसावा. (गुरुजनांनी क्षमा करावी.)

उपाय अवघड आहे असेही नाही. मळणीयंत्राच्या सुरक्षिततेचे भारतीय मानक सांगते की कणसे लोटायचा ट्रे किमान ९० सेंटिमीटर लांब असावा आणि ड्रमकडचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा. म्हणजे आपल्या जुन्या मापाने दोन हात लांब आणि एक हात झाकलेला. माणूस पेंगला, घसरला, तरी त्याची बोटे दात्यांपर्यंत पोचू नयेत. त्याला लागतो तो थोडासा पत्रा.

यावर यंत्रवाले म्हणतात, “लांब ट्रे लोकच काढून टाकतात, काम हळू होतं म्हणून.” हे खोटे नाही, मी स्वतः पाहिले आहे. पण लोक काढतात हे ठाऊक असूनही तो नटबोल्टने का बसवावा? सांगाड्याला वेल्डिंगने जोडून का टाकू नये? थकलेला माणूस चुकणारच, हे धरून यंत्र घडवायला हवे. त्याऐवजी इंग्रजीत ‘डेंजर’ लिहिलेला लाल कागद चिकटवतात. कागद स्वस्त पडतो. दाजी चौथीपर्यंत शिकले आहेत, मराठीच शाळेत.

आणि कारखान्याला तरी कळावे कसे? आपल्या यंत्राने कुठे, कुणाचा हात नेला, हे विचारायला तीन वर्षांत कुणी आले नाही. आम्हीही कळवले नाही. 

या दिवाळीच्या सुट्टीत तोच हडंबा शेजारच्या वावरात सोयाबीनवर लागला होता. जेवणाच्या वेळी तो बंद असताना मी टेप घेऊन गेलो. ट्रे ५२ सेंटिमीटर, झाकण नाही. मागून दाजी आले. “काय मोजतोयस रे?” म्हणाले. कारखान्याला पत्र लिहिणार आहे, असे मी सांगितले. ते थोडा वेळ ट्रेकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारले, “सही माझी लागंल का? डाव्या हातानं येती आता.”