ठेव बुडाली तर कायदा आहे. ओळख चोरली तर?

मंगरूळपीरच्या बाजारात सोयाबीन विकून हाती आलेली रक्कम दोन वाटांनी बुडू शकते. चढ्या व्याजाचे आमिष दाखविणाऱ्या एखाद्या पतसंस्थेत ती ठेवली आणि मुदत संपल्यावर शाखेला कुलूप आढळले, ही पहिली वाट. खातेदाराचा अंगठ्याचा ठसा, आधार क्रमांक किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी हस्तगत करून कोणी परस्पर ती काढून घेतली, ही दुसरी. घरच्यांच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एकच असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

पहिल्या वाटेवर महाराष्ट्राने स्वतःचा कायदा उभा केला आहे. नव्वदच्या दशकात फायनान्स कंपन्या आणि सागवान लागवडीच्या योजनांनी मध्यमवर्गाचे हात पोळले, त्यानंतर १९९९ मध्ये ‘महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम’ आला. एमपीआयडी या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. लबाडीने ठेव बुडविणाऱ्यास सहा वर्षांपर्यंत कारावास ही त्यातील तरतूद सर्वांना ठाऊक असते. पण या कायद्याचा खरा दात वेगळा आहे. सरकार संस्थेची मालमत्ता जप्त करू शकते. ती अपुरी पडल्यास प्रवर्तक, संचालक व व्यवस्थापकांच्या खासगी मालमत्तेलाही हात घालता येतो. मालमत्ता वाईट हेतूने दुसऱ्याच्या नावावर केली असेल, तर त्याच्यापर्यंतही पोहोचता येते. त्यासाठी उपजिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला सक्षम प्राधिकारी आणि नियुक्त न्यायालय अशी यंत्रणा आहे.

हा कायदा टिकवतानाही राज्याची दमछाक झाली. असा कायदा करण्याचा अधिकारच राज्याला नाही, असे ठरवून मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००५ मध्ये तो रद्दबातल केला होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूचा तसाच कायदा वैध ठरविला आणि त्यापाठोपाठ महाराष्ट्राच्या कायद्यावरचे सावटही दूर झाले. नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमधील सुमारे ५६०० कोटींचा घोटाळा २०१३ मध्ये उघड झाला. त्या व्यवहारांना हा कायदा लागू होतो, यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब होण्यास २०२२ चा एप्रिल उजाडला. नऊ वर्षे! तरीही ठेवीदाराकडे दाखविण्यास बोट तरी आहे, कारण जप्त मालमत्तेवर त्याचा हक्क कायद्याने मानला आहे.

दुसऱ्या वाटेवर हे काहीच नाही. ज्याची ओळख चोरीला गेली, त्याने कोणाकडे ‘ठेव’ ठेवलेली नसते आणि चोरटा काही ‘वित्तीय संस्था’ नसतो. त्यामुळे राज्याचा हा कायदा त्याच्या उपयोगाचा नाही. उरतो केंद्राचा माहिती तंत्रज्ञान कायदा. २००८ च्या दुरुस्तीने त्यात आलेले ६६-क हे कलम ओळखचोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड सांगते. आणि हा गुन्हा जामीनपात्र आहे. पोलीस सोबत फसवणुकीचे कलम लावतात, हे खरे. पण शिक्षेने खात्यात रक्कम परत येत नाही. १९३० या क्रमांकावर तातडीने दूरध्वनी केल्यास पैसे वाटेत गोठविता येतात. मात्र ते गोठतात बहुधा परराज्यातील एखाद्या भाडोत्री खात्यात आणि ते सोडवून आणण्यासाठी अनेकदा न्यायालयाची पायरी चढावी लागते. ते खातेही अनेकदा कोणा गरिबाच्या कागदपत्रांवर उघडलेले असते. म्हणजे एका चोरीत ओळख दोघांची जाते आणि दुसरा तर थेट आरोपी ठरतो.

भरपाईचा एक मार्ग कायद्यात आहे, पण तो विस्मृतीत गेल्यासारखा आहे. प्रत्येक राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव हा या कायद्याखाली न्यायनिर्णय अधिकारी असतो आणि पाच कोटींपर्यंतचे दावे तो ऐकू शकतो. पुण्यातील एका उद्योगाच्या खात्यातून ८० लाखांहून अधिक रक्कम परस्पर वळविली गेली, त्या प्रकरणात २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या सचिवांनी पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता. त्या काळात अपील ऐकणाऱ्या सायबर न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद मात्र २०११ पासून रिक्त होते आणि २०१७ मध्ये ते न्यायाधिकरणच दूरसंचार न्यायाधिकरणात विलीन झाले. शिवाय सचिव बसतात मुंबईत. पाचशे किलोमीटरहून दूर असलेल्या मंगरूळपीरच्या माणसाने चाळीस हजारांसाठी तेथे दाद मागावी, ही अपेक्षा फारच झाली.

कायदे करण्याच्या अधिकाराचा प्रश्न येथेही उपस्थित होईल. माहिती तंत्रज्ञान हा केंद्राचा प्रांत, असे सांगितले जाईल. पण जमिनीच्या खरेदीखतावरील अंगठे राज्याच्याच नोंदणी विभागाकडे असतात. कर्नाटकात २०२३ मध्ये अशाच नोंदणी दस्तांवरील ठसे उचलून आधारच्या आधारे खाती रिकामी केल्याची प्रकरणे घडली. आपल्या कार्यालयांतून नागरिकाची ओळख गळाली, तर जबाबदारी कोणाची आणि भरपाई किती, एवढे ठरविण्यासाठी राज्याने दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ ने एक दार किलकिले केले आहे. गुन्ह्यातून मिळविलेली मालमत्ता न्यायालयाने जप्त केल्यास, न्यायालयाच्या निर्देशानुसार जिल्हाधिकाऱ्याने ती साठ दिवसांत पीडितांमध्ये प्रमाणशीर वाटावयाची आहे. म्हणजे ज्या महसूल यंत्रणेला ठेवीदारांच्या कायद्याखाली जप्ती आणि लिलावाची सवय आहे, तिच्याकडेच हे काम आले आहे. प्रश्न पहिल्या पायरीचा आहे. जप्तीसाठी पोलीस अधिकाऱ्याने अधीक्षकांच्या मंजुरीने न्यायालयात अर्ज करावा लागतो. पीडिताला स्वतः तो करता येत नाही. वाशीमसारख्या जिल्ह्यात किती तपास अधिकारी, किती रकमेसाठी, हा अर्ज करण्याचे मनावर घेतील, यावरच सोयाबीनचे ते पैसे परत येणे अवलंबून राहील.