अंगणातली प्रार्थना आणि समाजमंदिराची किल्ली

सातारा-सांगलीकडच्या वस्त्यांत ख्रिस्ती प्रार्थनेला चर्चची इमारत लागतेच असे नाही. घराची पुढची खोली, अंगणात सतरंजी, ढोलकी, टाळ, एवढ्यावर भागते. हे दिसले की ओरड सुरू होते: संस्कृतीच्या आडून धर्मांतर चालले आहे! जून २०२५ मध्ये तर आमदार गोपीचंद पडळकरांनी सांगलीत धर्मांतर घडवणाऱ्या पाद्र्यांना मारणाऱ्यांसाठी लाखांची बक्षिसे जाहीर केली. आंबेडकरी माणसाने या ओरडीत सूर मिसळण्याचे कारण नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण जो हक्क बजावला, तोच कलम २५ चा हक्क शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाचाही आहे.

म्हणून चर्चला प्रश्न विचारायचेच नाहीत का? विचारायचे, आणि ते साताऱ्याच्याच इतिहासातून विचारता येतात. रेव्ह. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. मिशनची परदेशी चाल त्यांना खटकत होती. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तने केली आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही तिथे जागा होती. त्या काळात ही मोठीच झेप. पण १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार पुढे फार तग धरू शकला नाही.

टिळकांच्या प्रतिभेबद्दल वाद नाही. प्रश्न असा की ‘इथले’ म्हणून त्यांनी काय उचलले? अभंग, कीर्तन, संन्यास. अभंगात आमचा चोखोबा आहे, हे मान्य. पण संन्यास कुणाचा? पश्चिम महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत मोठा भरणा महार-मांगांचा होता. त्यांची हलगी, त्यांचा तमाशा संस्कृतीत मोजला गेला का? सत्यशोधकांनी तोच तमाशा हाती घेऊन जलसा उभा केला, पुढे आंबेडकरी जलशाने तो वस्तीवस्तीत नेला. चाल लोकांची आणि प्रहारही लोकांच्याच रूढींवर. चाल उचलायची आणि जातीला हात लावायचा नाही, याला मी संस्कृतीशी संवाद म्हणत नाही.

बाबासाहेबांचा आक्षेप याच जातीचा होता. ‘धर्मांतरिताची स्थिती’ सांगताना त्यांनी दाखवले की धर्म बदलला तरी मंडळीतून जात गेली नाही, आणि मिशननेही अन्यायाविरुद्धचा लढा आपला मानला नाही. त्यात १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने ख्रिस्ती दलिताला यादीबाहेर ठेवले. आपल्यालाही केंद्राच्या यादीत १९९० साली घेतले, तेव्हा ही कोंडी आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, असे जगणाऱ्याला दांभिक म्हणणे सोपे आहे. त्याच्या आरक्षणासाठी चर्चने रस्त्यावर उतरावे, आणि आपणही.

राहिली आपली बाजू. वस्तीत समाजमंदिर आहे, बहुतेकदा सरकारी निधीतून बांधलेले. १४ एप्रिलला रंगरंगोटी, बुद्धपौर्णिमेला वंदना, मग कुलूप. अंगणातल्या प्रार्थनेला बायका का जातात, हे त्यांनाच विचारा. आजारपणात कोण आले, नवऱ्याच्या दारूबद्दल कोणी ऐकून घेतले, हे त्या नावानिशी सांगतात. समाजमंदिराची किल्ली कुणाकडे असते, हे मात्र त्यातल्या अनेकींना माहीत नसते.