घरच्या संगणकावर घरची वही

भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. भट्टी रात्री झोपत नाही. म्हणून पाळी बदलताना जाणारा माणूस तिची हालहवाल नोंदवहीत लिहून जातो आणि येणारा ती वाचूनच कामाला हात घालतो.

अशा या गावात घरच्या नोंदी मात्र दहा ठिकाणी! आजोबांच्या गोळ्या कालनिर्णयच्या पाठीमागे, सेक्टर नऊच्या इस्पितळातली पुढची तारीख फ्रिजवरच्या चिठ्ठीत, लोणच्याचं प्रमाण आईच्या डोक्यात. मग कुणीतरी मोबाइलवरचं फुकटचं अ‍ॅप सुचवतं. सोय झकास, पण दुकान दुसऱ्याचं. गुगलने आपलं ‘नोटबुक’ २०१२ मध्ये बंद केलं, ‘स्प्रिंगपॅड’ने २०१४ मध्ये गाशा गुंडाळला.

त्यापेक्षा वही घरीच का बनवू नये? सीबीएसईच्या अकरावी-बारावीत संगणकशास्त्र घेणारी मुलं पायथन शिकतात. तेवढ्या शिदोरीवर तीस-चाळीस ओळींत काम भागतं. लिही, दाखव, शोध... बस्स, एवढंच तिला यायला हवं. प्रत्येक टिपण तारखेसह साध्या मजकुराच्या फाइलमध्ये खाली जोडायचं. जुनं खोडायचं नाही. गोळीचा डोस बदलला तरी आधीची नोंद राहू द्यावी, कारण डॉक्टर नेमकं तेच विचारतात. रंग, चित्रं, घंटा यांचा हट्ट पहिल्या दिवशी नको. बहुतेक उत्साही मंडळी तिथेच अडकतात.

मजकूर युनिकोडमध्येच हवा. नव्वदच्या दशकात निरनिराळ्या फॉन्टांत टाइप केलेलं मराठी आज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडलं, तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कित्येक घरांतल्या जुन्या पत्रांची ही गत झाली आहे.

मराठीची खरी मेख मात्र ‘ऱ्या’मध्ये. दुसऱ्या, भाकऱ्या, वऱ्हाड यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडतात; दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द! आईने मोबाइलवर लिहून पाठवलं, ‘दुसऱ्या गोळीने अंगावर पुरळ’. मुलाने ते वहीत चिकटवलं. सहा महिन्यांनी त्याने लॅपटॉपवर ‘दुसऱ्या’ टाइप करून शोधलं, तर उत्तर येऊ शकतं: काही सापडलं नाही. टिपण समोर असून नसल्यासारखं! औषधाच्या बाबतीत हे महागात पडेल. उपाय एका ओळीचा आहे. शोधण्यापूर्वी टिपणातला आणि शोधायच्या शब्दातला असा प्रत्येक ‘र’ एकाच तऱ्हेत बदलून घ्यायचा. हिंदीपुरतं बनवणाऱ्याला हे सुचणारही नाही, मराठी घराने ते आठवणीने करावं.

फाइलची एक प्रत दर महिन्याला पेनड्राइव्हवर काढावी. तो पेनड्राइव्ह कपाटाच्या कोणत्या खणात आहे, हे घरातल्या आणखी एकाला ठाऊक असावं.