बंदी वेळेला हवी, काठाला नको

पावसाळा लागला की रायगड जिल्ह्यात धबधबे आणि धरणांच्या परिसरात मनाई आदेश निघतात. 30 जून 2024 रोजी शेजारच्या पुणे जिल्ह्यात, लोणावळ्यातील भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जणांचा बळी गेला, तेव्हापासून अशा आदेशांच्या मागणीने आणखी जोर धरला आहे. त्यामागची काळजी खरी आहे. पण हाच उपाय महाडकडच्या सावित्री नदीच्या खाडीपट्ट्यात, तुडीलसारख्या गावांतल्या गरी टाकून मासे धरण्याच्या जागांना लावावा, हे पटणारे नाही. पाणी धोक्याचे असेल तेव्हा लोकांना हटवणे हे सरकारचे कर्तव्य आहे. काठच बंद करणे म्हणजे त्या कर्तव्यातून अंग काढून घेणे होय.

जीव गेल्यावर हक्क काय कामाचा, हा पहिला आक्षेप. तो बिनतोड वाटतो, पण खाडीचा धोका बाराही महिने सारखा नसतो. महाबळेश्वर-पोलादपूरकडे कोसळलेल्या पावसाचा लोंढा आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाण एकत्र आले की पाणी चढते. भरतीची वेळ आधीच ठाऊक असते. महाडला सावित्रीची पातळी मोजली जाते आणि 6.50 मीटर ही धोका पातळी ठरलेली आहे. मग पाणी तिच्याखालच्या इशारा पातळीला पोचले की काठ रिकामा करावा, उतरले की मोकळा करावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खालचा असा मनाई आदेश एरवी दोन महिन्यांपलीकडे चालत नाही, कारण तो तातडीसाठी आहे. निर्बंध धोक्याच्या प्रमाणात हवेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अनुराधा भसीन खटल्यात बजावले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला, तेव्हा सरकारने महामार्ग कायमचा बंद केला नाही. पुढच्या वर्षी नवा पूल उभा केला.

मासे संपतील, हा दुसरा आक्षेप. वलगणीला, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला, अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. त्या दिवसांत ओढ्याच्या तोंडाशी जाळी लावू नयेत, हे मान्यच. पण 1 जूनपासूनच्या समुद्रातील मासेमारीबंदीतूनही बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट असते, म्हणजे साधनांमधला फरक सरकारही ओळखते. एका दोरीला एक गळ लावून जिताडा माशाची वाट पाहणाऱ्यामुळे खाडी ओस पडत नाही. सावित्रीत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वेळोवेळी आल्या आणि तेव्हा रोख औद्योगिक सांडपाण्याकडे होता. पाण्याचा रंग बदलला, फेस आला, वास सुटला, हे सर्वांत आधी काठावरच्या माणसालाच कळते. त्याला उठवले तर प्रदूषणाचा साक्षीदारच नाहीसा होईल.

नदी किंवा खाडी ही सरकारची खासगी मालमत्ता नाही. सरकार जनतेच्या वतीने तिचे विश्वस्त आहे. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ खटल्यात स्वीकारले आणि गोव्यातील वायंगिणी किनाऱ्याच्या वाटेबाबत 2009 मध्ये त्याच आधारावर जनतेचा हक्क राखला. पोलीस कुठवर पुरणार, असे विचारले जाते. त्यासाठीच ग्रामपंचायतीला अधिकार, भोंगा, दोर, तरंगकडी आणि पातळीचा ठळक फलक द्यावा. भरती-ओहोटी जाणणारी माणसे गावातच आहेत. त्यांना हाताशी धरून नियम करावेत आणि काठ सर्वांसाठी खुला ठेवावा.