धंद्याचा फोन कुणाच्या नावावर?



दिवाळीनंतर एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. अकरा जणींनी मिळून फराळाचा धंदा केला होता. व्हॉट्सअ‍ॅपवरून तालुक्याच्या गावातून, थेट पुण्यातूनही मागणी आली आणि सगळा माल संपला. सगळ्या खुशीत होत्या. हिशेबाला बसलो तेव्हा कळले, की ज्या क्यूआर कोडवर पैसे घेतले तो एका सभासदाच्या नवऱ्याच्या खात्याचा होता. त्यातले काही पैसे ट्रॅक्टरच्या हप्त्यात गेलेही होते. ‘घरातलाच पैसा ना?’ असे त्याने सहज विचारले. बाकीच्या दहा जणींच्या कष्टांचा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता. ते पैसे पुढे तीन हप्त्यांत वसूल झाले, पण ती बाई गटात खालमानेने बसू लागली.

१९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. आज आपल्या गटांना प्रदर्शनाच्या स्टॉलची वाट पाहावी लागत नाही. गिऱ्हाईक फोनवर येते. ही सोय मोठीच आहे. पण फोन कुणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे होता आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया होत्या फक्त ३३ टक्के. म्हणजे अनेक घरांत धंदा बाईचा आणि फोन मुलाचा किंवा नवऱ्याचा. सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी आपण भांडतो, मग सिमकार्डावरच्या नावाबद्दल गप्प का?

म्हणून काही गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. धंद्यासाठी वेगळे सिम घ्या, ते गटातल्या बाईच्याच नावावर असू द्या. क्यूआर कोड गटाच्या बँक खात्याला जोडा. व्यवहार किमान दोघींना कळायला हवा. एकीवर सगळे सोपवले की ती आजारी पडताच धंदा थांबतो. २०१८ पासून व्हॉट्सअ‍ॅपचे धंद्यासाठीचे वेगळे अ‍ॅप फुकट मिळते. त्यात मालाचे फोटो आणि भाव मांडून ठेवता येतात, म्हणजे तेच तेच पन्नास वेळा सांगावे लागत नाही. ब्रॉडकास्ट यादीतला निरोप मात्र ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच पोचतो. म्हणून गिऱ्हाइकाला पहिल्याच वेळी नंबर जतन करायला सांगा. निरोपात वजन, भाव, माल कधी मिळेल आणि मागणीची शेवटची तारीख एवढे असले की पुरे. रोज फुलांची चित्रे पाठवली तर कामाचा निरोपही कुणी उघडत नाही.

घरचा पत्ता आणि मुलांचे फोटो धंद्याच्या पानावर टाकू नका. नंबर जाहीर झाला की रात्री-अपरात्री नको ते निरोप येतात, हे अनेकींनी सांगितले आहे. त्याची लाज आपण का बाळगायची? निरोप जपून ठेवा, नंबर बंद करा, बैठकीत सांगा. आणि पक्के ध्यानात ठेवा : पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागणारा चोरच समजा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

शेवटी, ओळखी फक्त गिऱ्हाइकांशीच जोडायच्या नाहीत. शेजारच्या तालुक्यातला गट डाळ कुठून घेतो, एसटीने पार्सल कसे पाठवतो, उधारी कशी वसूल करतो, हे एकमेकींना विचारले तर मधला दलाल आपोआप मागे पडेल. गट एकमेकांचे भाव पाडत बसले, तर मात्र नुकसान आपलेच आहे.

पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा : सिम कुणाच्या नावावर? पैसे कुणाच्या खात्यात? फोन कुणाच्या हातात? मिळालेली उत्तरे आम्हाला जरूर कळवा.

— संपादक