चौदा एप्रिलची दुसरी आठवण

१४ एप्रिल म्हणजे आपल्या घरोघरी सण. विहारात वंदना, घरात गोडधोड, संध्याकाळी मिरवणूक. पण मुंबईच्या कष्टकरी घरांत या तारखेची आणखी एक आठवण आहे. ती सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. दुसरे महायुद्ध चालू होते. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. त्यात कापसाच्या गाठी आणि त्यांच्याच सोबत सुमारे १४०० टन स्फोटके! दुपारी आग लागली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. जळते तुकडे आसपासच्या वस्त्यांवर पडले. लोकांना वाटले, जपानने बॉम्ब टाकले.

माझी आजी तेव्हा माझगावच्या चाळीत होती, चौदा वर्षांची. ती सांगायची, “इमान कुणी बघितलं न्हाई, पण आभाळातनं आग पडत हुती.” तिचा थोरला भाऊ गोदीत हमाल. सकाळी कामावर गेला तो परत आला नाही. पणजोबांनी आठ दिवस दवाखाने पालथे घातले. जातील तिथे एकच सवाल, “बिल्ला नंबर काय?” तो रोजावरचा मजूर, टोळीवाल्याने उभा केलेला. त्याला कुठला नंबर? पुढे आम्ही वर्सोव्याला आलो. जयंतीला आजी बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे दोन मेणबत्त्या लावी. दुसरी त्या भावाची.

मृतांचा आकडा कुठे ८०० सांगतात, कुठे १३००. आकडाच नक्की नाही, तिथे नावे कोण सांगणार? आग विझवताना ६६ अग्निशमन जवान शहीद झाले. त्यांच्यासाठी देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, ते योग्यच आहे. हमालाची आठवण मात्र त्याच्या घरातच राहिली. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला तो १९४८ साली.

स्फोट झाला तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगाराचा हक्क कायद्याच्या कागदावर यावा, म्हणून ते झटले. कागदावर नाव नसेल तर मेल्यावरही माणूस बेपत्ताच राहतो.

आजही आपले कितीतरी बांधव सकाळी नाक्यावर उभे राहतात. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असेल, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. ती करून घ्या. शेजाऱ्याला फॉर्म भरता येत नसेल, तर आपण भरून द्या.

आणि बंधू-भगिनींनो, या जयंतीला घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ वही घेऊन बसा. नाव, गाव, काम, चाळ, सारे लिहून घ्या. आपल्या माणसांची नावे आपणच नाही लिहिली, तर कोण लिहिणार?

जयभीम!